दोन सोडून सगळीकडे

मावशीने त्या यंत्राला पाठवलेला पहिला मेसेज मी जपून ठेवला आहे. "अगं जरा दोन नंबरला पाणी सोड गं, काल पण राह्यलंय." यंत्राने उत्तर दिलं, "समजलं नाही." मावशीने विचारलं, "काय समजलं नाय?" यंत्र म्हणालं, "समजलं नाही." मग तिने मला फोन केला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, तरी उचलला, कारण ती दिवसा कधी फोन करत नाही.

"तुझी ती बाई एकच वाक्य बोलतेय," मावशी म्हणाली.

"मावशी, ती बाई नाही. प्रोग्रॅम आहे. आणि तिला 'अगं' वगैरे नाही लिहायचं."

"मग हाक कशी मारायची?"

पुढचे चार महिने मी ज्या चिडचिडीत काढले तिची सुरुवात इथून झाली.

मी कर्जतला राहते आणि बहुतेक दिवस घरूनच काम करते. मावशीची नर्सरी कर्जत-चौक रस्त्याला, खालापूर तालुक्याच्या हद्दीत. भाताची दोन खाचरं बुजवून काकांनी ती सुरू केली होती. काका गेल्यावर मावशी ती एकटीच चालवते आणि राहतेही तिथेच. आजूबाजूला फार्महाउसं वाढली तसं तिचं कामही वाढलं. उतारावरची जागा, वर पाण्याची टाकी, खाली पसरलेल्या सहा लाइनी. प्रत्येक लाइनीचा व्हॉल्व्ह वेगळ्या जागी, आणि दिवसातून दोन-तीनदा तो फिरवायला मावशी चढउतार करायची. तिच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावर मीच आग्रह धरला की विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह बसवू आणि ते फोनवरून चालवू. खोपोलीच्या एका इलेक्ट्रिशियनने वायरी ओढून दिल्या, व्हॉल्व्ह चालवणारी पेटी बसवली. राहिलं ते माझं काम. मेसेज वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, पेटीला सांगायचं. मी मनात म्हटलं, दोन संध्याकाळींचं काम.

मला आज्ञांची एक छोटी भाषा करायची होती. एका ओळीत एक आज्ञा. "२ सोड १० मिनिटं." "३ बंद." "थांब ५ मिनिटं." अशा चार-पाच ओळी लिहून त्यांना एक नाव द्यायचं, 'सकाळ' म्हणा, की पुढच्या वेळी नुसतं 'सकाळ' पाठवलं तरी सगळ्या ओळी एकामागून एक चालतील. ओळी समजून घ्यायला मी रेगेक्स वापरायचं ठरवलं. रेगेक्स म्हणजे अक्षरांचा साचा. आधी एक आकडा, मग मोकळी जागा, मग 'सोड' किंवा 'बंद', असा साचा लिहायचा, आणि आलेल्या मजकुरात तो कुठे बसतो ते यंत्राने शोधायचं. पंधरा वर्षं मी कामावर हेच करत आले आहे. सर्व्हरच्या लाखभर ओळींतून एक चुकार ओळ काढायची असली की लोक माझ्याकडे येतात. मला त्याचा थोडा गर्वही होता.

मावशीने तो आठवड्याभरात उतरवला.

एकाच गोष्टीला ती किती शब्द वापरत होती हे मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. पाणी सोड, पाणी लाव, पाणी दे, चालू कर, उघड, मार पाणी. बंद कर, थांबव, पुरे, बास, आवर. नंबर कधी '२', कधी इंग्रजी आकड्यात, कधी 'दोन', कधी 'दोनला', कधी 'दोन नंबरला', आणि एकदा 'मोगऱ्याला', कारण दोन नंबरच्या कडेला मोगरा होता. वेळ सांगायची तर दहा मिन्टं, अर्धा तास, पाऊण तास, थोडा येळ, 'भिजंपर्यंत'. कंटाळा आला की ती टाइप न करता फोनशी बोलायची. तेव्हा फोन स्वतःच्या अकलेने शुद्धलेखन करायचा. "टाकीत पाणी हाय का?" असं तिने विचारलं की 'हाय'च्या जागी फोन इंग्रजीतला नमस्कार लिहायचा.

प्रत्येक नव्या शब्दाला मी साच्यात एक उभी रेघ घालून पर्याय वाढवत गेले. सोड किंवा लाव किंवा दे किंवा उघड. त्याच्या मागे 'पाणी' असेल किंवा नसेल. त्याच्या मागे 'नंबर' असेल किंवा नसेल, त्याला 'ला' लागलेला असेल किंवा नसेल. तिच्या 'अगं', 'जरा' आणि 'गं'साठी साच्याच्या आधी आणि नंतर काहीही असलं तरी चालेल अशी मुभा दिली. साचा एका ओळीचा होता तो तीन ओळींचा झाला. त्यातले कंस मोजायला मला बोट लावावं लागायचं. आपणच लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, तरी ते चालतंय म्हणून हात लावायचा नाही, अशी अवस्था आली.

नर्सरीत मावशीच्या मदतीला एक बाई असते. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून येते. काड्या छाटणं, पिशव्या भरणं, कलमं करणं, सगळं तिच्या हातचं. तिला सगळे वैनी म्हणतात, मीही म्हणते; ती मावशीला काकी म्हणते. मावशीचा फोन चार्जिंगला असला की वैनी आपल्या फोनवरून आज्ञा पाठवायची. तिच्या आज्ञा एकदाही चुकल्या नाहीत. "३ सोड १५ मिनिटं." ना मागे काही, ना पुढे काही.

मी तिला एकदा विचारलं, "वैनी, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? तुमी पयल्या दिशी जे पाठवलवतं, तसंच पाठवते," ती म्हणाली. "आदी नंबर, मग काय करायचं ते, मग किती येळ. येवढंच त्याला कळतं ना, ताई? मग जास्ती कशाला सांगायचं?"

मला वाटलं, हिला मिठी मारावी. आणि तिच्या शेजारी बसलेल्या मावशीला वाटलं की मी मुद्दाम तिला टोमणा मारायला हे वदवून घेतलं. "मी काय फॉर्म भरतेय का?" ती म्हणाली. "मी जशी बोलते तशी बोलनार. तू येवढी शिकलीस, तर तुझ्या मशीनला शिकव."

हे वाक्य मला लागलं. घरी येऊन मी साच्यात आणखी चार पर्याय घातले.

मार्चमध्ये नेरळला आमच्या नात्यात एक साखरपुडा होता. मावशीला सकाळीच निघायचं होतं. वैनीची त्या दिवशी सुट्टी होती. दोन नंबरच्या लाइनीवर वाळूचे दोन लांब वाफे होते आणि त्यांत वैनीने आदल्या आठवड्यात बोगनवेलीच्या काड्या लावल्या होत्या. एका फार्महाउसच्या सगळ्या कुंपणाला लावायच्या, म्हणून जास्तच लावल्या होत्या. बोगनवेलीच्या काडीला मूळ धरेपर्यंत पाणी बेताचं लागतं, जास्त झालं की ती खालून काळी पडते. म्हणून मावशीने घर सोडताना मेसेज पाठवला, "वीस मिनिटं दोन सोडून सगळीकडं पाणी दे." यंत्राचं उत्तर आलं. त्यात तिला 'सुरू' एवढा शब्द दिसला. चष्मा पिशवीत होता. फोन तिने त्याच पिशवीत टाकला.

उत्तर होतं, "दोन नंबर सुरू."

मी कर्जतहून परस्पर नेरळला गेले होते. जेवणाच्या पंगतीत मी मावशीच्या शेजारीच बसले होते. आम्ही दोघी मुलीकडच्यांच्या आमटीबद्दल बोलत होतो. तेव्हा तिकडे टाकी रिकामी होत होती.

दुपारनंतर मी तिला गाडीने सोडायला नर्सरीत गेले. फाटक उघडल्यावर आधी मला काही कळलं नाही. मावशी मात्र तिथेच थांबली. उतारावरून बारीक वाळू वाहत येऊन पंपाच्या खोलीच्या पायरीपर्यंत पसरली होती. आम्ही वर गेलो. दोन नंबरचे वाफे मधोमध फाटले होते. काड्या आडव्या झालेल्या, काही वाळूबरोबर खाली गेलेल्या. बाकीच्या पाच लाइनी कोरड्या ठणठणीत होत्या. शेडनेटच्या सावलीच्या जाळीबाहेर असलेल्या पिशव्यांतली रोपं त्या उन्हात माना टाकून होती, आणि टाकीत त्यांना द्यायला पाणी उरलं नव्हतं.

साखरपुड्याची साडी खोचून मावशी वाकली आणि एकेक काडी उचलून पाहू लागली. मी फोन काढून तिचा मेसेज पाहिला. वाचल्याबरोबर मला पहिल्यांदा आलं ते हसू, आणि मग अंगावर काटा.

"मावशी, तू 'सोडून' लिहिलंस."

"मग?"

"त्याने 'सोड' वाचलं."

ती सरळ उभी राहिली. "मी दोन सोडून म्हनले. दोन सोडून. शेंबड्या पोराला कळंल."

"मला कळतंय. पण त्याला..."

"त्याला नाय, तुला. तू केलंय ते."

मी तिथे उभी राहून तिला समजावू लागले की मराठीत एकच शब्द दोन अर्थांनी येतो, पाणी सोडणं वेगळं आणि एखाद्याला वगळणं वेगळं, यात माझा काय दोष, आणि तू वीस मिनिटं शेवटी लिहायच्या ऐवजी आधी का लिहिलीस, शेवटी लिहिली असतीस तर निदान वीस मिनिटांनी बंद तरी झालं असतं. मला आज हे आठवलं की लाज वाटते. माणूस आपली बाजू मांडताना किती नीच होतो. माझ्यासमोर एक साठीतली बाई चिखलात अनवाणी उभी होती, तिच्या हातात मेलेल्या काड्या होत्या, आणि मी तिला शब्दांचा क्रम शिकवत होते.

ती एवढंच म्हणाली, "जा तू घरी."

घरी आल्यावर मी कारण शोधायला बसले, कारण एक गोष्ट मला खटकत होती. 'सोडून'मधलं 'सोड' यंत्राने उचलायलाच नको होतं. मी साच्यात शब्दाची हद्द घातली होती. रेगेक्समध्ये त्यासाठी एक खूण असते. ती म्हणते, इथे शब्द संपला पाहिजे, पुढे आणखी अक्षर असलं तर हा शब्द आपला नव्हे. 'चार' आणि 'चारशे' लिहून मी ते तपासलंही होतं, आणि 'चारशे'तलं 'चार' त्याने बरोबर नाकारलं होतं. मग 'सोडून'मधलं 'सोड' का घेतलं?

उत्तर सापडायला दोन दिवस गेले, आणि सापडलं तेव्हा मी लॅपटॉप धाडकन मिटला. मी वापरत होते त्या साधनाच्या लेखी 'श' हे अक्षर होतं, पण उकार हे अक्षर नव्हतं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वारही नाही. 'सोडू' असा शब्द दिसला की 'ड' झाल्यावर त्याला वाटायचं, अक्षरं संपली, पुढे काहीतरी विरामचिन्हासारखं आहे, म्हणजे शब्द संपला. 'चारशे'तलं 'चार' त्याने नाकारलं ते 'र'नंतर लगेच 'श' आला म्हणून. 'सोडून', 'सोडू नको', 'सोडायचं नाही' हे सगळे त्याला 'सोड'च दिसत होते. म्हणजे मावशी कधी "आज दोन सोडू नको" म्हणाली असती, तरी त्याने दोन सोडलंच असतं. ते अजून घडलं नव्हतं हे आमचं नशीब.

ज्यांनी कोणी ते साधन बनवलं त्यांच्या भाषेत उकार नसेल. मला त्यांचा राग आला. मग माझा स्वतःचा जास्त आला. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. पहिलीत पाटीवर बाराखडी गिरवणाऱ्या मला हे तपासायचं सुचू नये? मी तपासायला शब्द निवडले तेही असे की ज्यांनी काही उघडकीला येणार नव्हतं.

मग मी जे केलं ते चुकीचं केलं, पण त्या वेळी मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी साचा करकचून आवळला. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं अक्षर न् अक्षर साच्यात बसलं पाहिजे, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर नकार. आता चूक होणं शक्य नव्हतं. बरोबर होणंही जवळजवळ शक्य नव्हतं. मावशीच्या आज्ञा एकेक करून परत येऊ लागल्या. 'मिनिटं'वरचा अनुस्वार राहिला, नकार. दोन शब्दांत दोनदा मोकळी जागा पडली, नकार. शेवटी पूर्णविराम दिला, नकार. "समजलं नाही, समजलं नाही, समजलं नाही," असे एका सकाळचे नऊ मेसेज मी यंत्राच्या नोंदींमध्ये पाहिले. दहावा मेसेज मावशीचा होता. "मरूदे." त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही.

आठवडाभर वैनीच्याच आज्ञा येत राहिल्या, त्याही वैनी असेल तेव्हाच. मग एक दिवस वैनीचा मला फोन आला. "ताई, काकी हातानं व्हॉल्व फिरवतेत. पेटीवरचं बटन बंद करून टाकलंय त्येंनी. वरखाली वरखाली करतात. काल बसल्या त्या उठल्याच नायत धा-पंधरा मिनटं. मी सांगितलं असं बोलू नका पन."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी साडेसातला नर्सरीत हजर झाले. मावशीने मला पाहिलं, पाहिलंच नाही असं केलं, आणि कात्री घेऊन जास्वंदीकडे गेली. मी एक वही घेऊन तिच्या मागे फिरू लागले.

"हे काय?"

"तू वैनींना जे सांगतेस ते लिहून घेणार आहे. दिवसभर. मध्ये बोलणार नाही."

"लिही काय लिवायचं ते," ती म्हणाली.

मी दिवसभर लिहिलं. त्या वहीची पानं मी नंतर कितीदा वाचली. मला वाटत होतं की मावशी बोलताना सैल असते आणि वैनी ते समजून घेते. तसं नव्हतं. मावशी अर्धंच बोलत होती आणि उरलेलं अर्धं वैनी तिच्याकडून काढून घेत होती.

"तीनला लाव गं थोडं," मावशी म्हणायची.

"थोडं म्हंजे? काल धा केलंवतं."

"धाच कर."

किंवा, "तो कडेचा सोडून बाकी मार."

"कडेचा कुठला, मोगऱ्याचा?"

"हां."

असं दिवसात तीस-चाळीस वेळा झालं असेल. दोघींपैकी एकीलाही ते विचारणं वाटत नव्हतं. मावशी चिडत नव्हती, वैनीला संकोच नव्हता. ते दोघींचं मिळून एक वाक्य होतं. माझ्या साच्याला हे वाक्य एका दमात, एकाच माणसाकडून, पूर्ण पाहिजे होतं, आणि नाही मिळालं की तो एकतर मनचं काहीतरी धरून चालायचा नाहीतर तोंड फिरवायचा. त्याने एकदाही "म्हंजे?" असं विचारलं नव्हतं.

दुपारी तिघी जेवायला बसलो तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. मावशी भाकरी मोडत म्हणाली, "मग येवढ्यासाठी रजा घेतलीस? मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं." तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं, कारण तिलाही ते माहीत नव्हतं. पण महिन्याभराने ती माझ्याशी पहिल्यांदा धड बोलली होती.

तो तीन ओळींचा साचा मी काढून टाकला. काढताना वाईट वाटलं, हे कबूल करते. त्याच्यावर मी बरेच दिवस घातले होते, आणि तो होता मात्र देखणा. त्याच्या जागी अगदी साधं काम ठेवलं. आलेली ओळ मोकळ्या जागांवर तोडायची, शब्द वेगळे करायचे. मग एकेका शब्दाला विचारायचं, तू आकडा आहेस का, तू काम आहेस का, तू वेळ आहेस का. रेगेक्स राहिले, पण छोटे, एका शब्दापुरते, आणि उकार-वेलांटीला अक्षर मानणारे. 'अगं', 'जरा', 'गं' यांना कुठल्याच खणात जागा नाही, तेव्हा ते बाजूला ठेवायचे. 'सोडून' हा वेगळा शब्द, त्याचं काम वगळणं. 'नको' आणि 'नाय' कुठेही दिसले की आधी थांबायचं. आणि तीन खणांपैकी एखादा रिकामा राहिला, तर वैनीसारखं विचारायचं. "किती मिनिटं? काल दहा केली होती."

पहिल्याच दिवशी मावशीने मला फोन केला. "हे आता लय इचारतंय."

"एकदाच विचारतं ना?"

"एकदाच. पन वैनीसारखं नाय इचारत. सायबासारखं इचारतं. 'कृपया वेळ सांगा.' कृपया काय?"

मी 'कृपया' काढलं. "किती?" एवढंच ठेवलं. त्यावर तिची तक्रार आली नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात "पाच" असं उत्तर आल्यावर ते पाच मिनिटं की पाच नंबरची लाइन यावर माझा पुन्हा गोंधळ उडाला, आणि एका संध्याकाळी पाच नंबरच्या शेवंतीला उगाच पाणी मिळालं. तो दिवस मी शिव्या देत दुरुस्त केला. मग मावशीची दोन शब्द जोडून टाइप करायची सवय, मग फोनच्या कीबोर्डने 'ऱ्या' लिहिताना मध्ये घुसवलेलं एक न दिसणारं चिन्ह, ज्याच्यामुळे डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन 'मोगऱ्याला' यंत्राला वेगळे वाटायचे. हे संपणारं काम नव्हतं. मी ऑफिसात याबद्दल कोणाला सांगितलं नाही. तिथे माझी अजून पत आहे.

बोगनवेलीच्या काड्या वैनीने पुन्हा लावल्या. फार्महाउसवाल्याला मावशीने पावसानंतर या म्हणून सांगितलं, आणि तो चिडला नाही, हे तिला फारच विशेष वाटलं. पहिल्या खेपेच्या काड्यांतल्या थोड्या जगल्या होत्या. त्या तिने वेगळ्या पिशव्यांत घालून ओट्याजवळ ठेवल्या.

मे महिन्यात टाकी भरणाऱ्या विहिरीचं पाणी खाली गेलं. एका रविवारी मी गेले तेव्हा मावशी म्हणाली, "आता एक कर. टाकी भरलेली असंल तर सगळ्या लाइनी. अर्धी असंल तर शेडनेटच्याच. आनि अर्धीपेक्षा कमी असंल तर फक्त नवीन काड्या, पन त्या पन ऊन उतरल्यावर. चार नंबर दिवसाआड, पन वारं सुटलं असंल तर रोज."

मी हे लिहून घेतलं. जर, तर, नाहीतर, त्याच्या पोटात आणखी एक जर, त्याच्याही पोटात वाऱ्याचं. शब्द तोडून खणांत टाकायची माझी युक्ती इथे पुरणार नव्हती. एका आज्ञेच्या आत दुसरी आज्ञा, तिच्या आत तिसरी, असं वाचायला वेगळीच मांडणी लागते. टाकीत पातळी मोजणारं यंत्र लागेल, वाऱ्याचं लागेल. मी ओट्यावर बसून तिला हे सगळं सांगू लागले. सांगता सांगता माझा आवाज चढला. मी म्हणाले की हे तुला वाटतं तितकं सोपं नाही, याला निदान दोन महिने लागतील, आणि दोन महिन्यांत तर पाऊसच येईल, मग उपयोग काय, आणि तू मला दर वेळी असं एका दमात...

ती माझ्याकडे बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "अगं मग नको करू."

"नको?"

"टाकी मी बघीन. ती वर हाय, पन दिवसातनं एकदा चढायला माझे पाय तुटत नायत. वारं कळायला काय मशीन लागतंय? मी बघीन आनि त्याला सांगीन. त्यानं पानी सोडावं."

मी वाद घालायच्या तयारीत होते. मनात माझी पुढची तीन वाक्यं तयार होती, ती तशीच राहिली. मावशीने ओट्याच्या कडेला हात टेकून स्वतःला वर घेतलं, चपला घातल्या आणि ती टाकीकडे चालू लागली. अर्ध्या चढावर ती थांबली, वाकून एका पिशवीतलं तण उपटलं, मातीचा हात साडीला पुसला आणि पुढे गेली. मी वहीतलं ते पान फाडलं नाही, पण वही मिटली आणि तिच्या मागे वर गेले. टाकी अर्धीच्या थोडी खाली होती.